कैद्यांना कुणी मारलं एवढंच विचारलं, आणि मित्रदेशांनीच गप्प बसवलं : जनरल सिकोर्स्कींची गोष्ट

पुण्याहून मिरजमार्गे रेल्वेने कोल्हापूरला गेलात, तर कोल्हापूर यायच्या थोडं आधी वळिवडे नावाचं छोटंसं स्टेशन लागतं. जवळच गांधीनगर आहे. लग्नाचा बस्ता असो की दुकानाचा माल, होलसेल कापडासाठी लोक लांबून इथं येतात. ही वसाहत फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांच्या आधी याच जागेवर पोलंडचे सुमारे ५ हजार लोक राहत होते. १९४३ ते १९४८ या काळात इथं पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं व्हायची, स्काउटची पोरं पंचगंगेच्या काठाने फिरायची.

या छावणीत तरणे पुरुष जवळपास नव्हतेच. होत्या त्या बायका, मुलं आणि काही म्हातारी माणसं. काही जणींचे नवरे सैन्यात होते, काहींचे सैबेरियात मेले होते. आणि कित्येक जणी अशा होत्या की आपण सवाष्ण आहोत की विधवा, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. नवरा सैन्यात अधिकारी होता, १९३९ साली रशियनांच्या हाती सापडला होता आणि १९४० च्या वसंतानंतर त्याचं एकही पत्र आलं नव्हतं.

हे हजारो अधिकारी गेले कुठे, हा प्रश्न स्टॅलिनच्या समोर बसून विचारणारा आणि उत्तर सापडल्यावर ते जगापुढे तपासून घ्या म्हणणारा माणूस म्हणजे पोलंडचे पंतप्रधान आणि सरसेनापती जनरल व्लादिस्लाव सिकोर्स्की. या एका मागणीपायी त्यांनी रशियाशी असलेले संबंध गमावले. इंग्लंड-अमेरिकेचा पाठिंबाही तिथूनच पातळ व्हायला लागला. पुढच्या अडीच महिन्यांत ते स्वतःही गेले.

सिकोर्स्कींचा जन्म २० मे १८८१ चा. तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी तो शंभरेक वर्षांपूर्वीच वाटून घेतला होता. सिकोर्स्कींचं तुशुव हे गाव ऑस्ट्रियाच्या वाट्याला आलेल्या गॅलिशियात होतं. वडील गावचे शाळामास्तर. ते लवकर वारले आणि आईने पोराला वाढवलं. मुलगा शिकायला ल्वूवला, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवला गेला आणि तिथल्या पॉलिटेक्निकमधून १९०८ साली स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडला. रस्ते, पूल, पाणी हे त्याचे विषय.

पण पूल बांधण्यापेक्षा त्याला सैन्य बांधण्यात जास्त रस होता. देश नसलेल्या लोकांनी सैन्य कसं उभारायचं, तर गुप्त संघटना काढून आणि नेमबाजीच्या क्लबांमधून. त्या उद्योगात ल्वूवमध्ये त्याला भेटला युझेफ पिल्सुद्स्की, जो पुढे पोलंडचा सर्वेसर्वा झाला. सुरुवातीला दोघं बरोबर होते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाशी किती जुळवून घ्यायचं यावरून त्यांचं बिनसलं, ते कायमचंच.

१९१८ मध्ये पोलंड पुन्हा देश झाला आणि दोनच वर्षांत रशियाची लाल सेना वॉर्साच्या वेशीपर्यंत आली. ऑगस्ट १९२० मध्ये राजधानीच्या उत्तरेला वक्रा नदीवर पाचव्या आर्मीची कमान सिकोर्स्कींकडे होती. समोरचं सैन्य मोठं होतं, पण त्यांनी नुसता बचाव न करता उलटा हल्ला चढवला आणि लाल सेनेला अडकवून ठेवलं. पोलंडमध्ये या लढाईला व्हिस्तुलाचा चमत्कार म्हणतात. त्याच युद्धात ल्वूवच्या बाजूच्या सोव्हिएत आघाडीवर राजकीय कमिसार म्हणून एक माणूस होता. त्याचं नाव जोसेफ स्टॅलिन. एकवीस वर्षांनी हे दोघं क्रेमलिनमध्ये एका टेबलाशी बसणार होते.

डिसेंबर १९२२ मध्ये पोलंडच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचा, नारुतोविच यांचा, पदावर येऊन आठवडा होतो न होतो तोच खून झाला. देश यादवीच्या तोंडाशी असताना सिकोर्स्कींना पंतप्रधान केलं गेलं. काही महिने त्यांनी गाडा सावरला, नंतर युद्धमंत्रीही झाले. १९२६ साली पिल्सुद्स्कींनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. सिकोर्स्की तेव्हा ल्वूवला सेनाप्रमुख होते. ते ना इकडे गेले ना तिकडे. त्याची शिक्षा त्यांना १९२८ मध्ये मिळाली. पद काढून घेतलं आणि घरी बसवलं.

पुढची अकरा वर्षं या माणसाने बरीचशी पॅरिसमध्ये काढली. लिहिलं, वाचलं. येणारं युद्ध खंदकात बसून नाही, तर रणगाडे आणि विमानं घेऊन वेगाने लढलं जाईल, असं त्यांनी १९३४ सालच्या पुस्तकात मांडलं होतं. त्यांच्याच देशाच्या सरकारने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलरचे रणगाडे पोलंडमध्ये घुसले तेव्हा सिकोर्स्कींनी आपल्याला एखादी कमान द्या म्हणून विनवणी केली. तीही कुणी ऐकली नाही. शेवटी रोमानियामार्गे ते फ्रान्सला पोहोचले. पराभवाचा डाग नसलेला आणि फ्रेंचांचा विश्वास असलेला नेता हवा होता. ३० सप्टेंबर १९३९ ला ते परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान झाले, नोव्हेंबरमध्ये सरसेनापती. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि हे सरकार लंडनला आलं.

आता इथून गोष्ट रशियाकडे वळते.

१ सप्टेंबरला पश्चिमेकडून हिटलर आला हे आपण शाळेत शिकतो. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टॅलिन आला, हे तितकं सांगितलं जात नाही. दोघांनी आधीच गुप्त करार करून पोलंड वाटून घेतला होता. लाल सेनेच्या हाती सुमारे अडीच लाख पोलिश सैनिक लागले. साध्या शिपायांपैकी बऱ्याच जणांना सोडून दिलं किंवा कामाला जुंपलं. अधिकाऱ्यांना वेगळं काढून कोझेल्स्क आणि स्तारोबेल्स्क या दोन छावण्यांत ठेवलं. पोलीस, सीमारक्षक, तुरुंगाचे कर्मचारी वगैरे मंडळी ओस्ताश्कोव्हच्या छावणीत.

अधिकारी म्हटल्यावर नुसते फौजी डोळ्यासमोर आणू नका. पोलंडमध्ये शिकलेल्या तरुणाला राखीव दलात अधिकारी व्हावं लागायचं. त्यामुळे या कैद्यांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते, वकील, इंजिनियर, शाळामास्तर होते. पोलंडला पुन्हा उभं करू शकणारा जवळपास अख्खा शिकलेला थर या छावण्यांत कोंडला होता. ५ मार्च १९४० ला सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याने स्टॅलिनपुढे कागद ठेवला, त्याचं कारण नेमकं हेच होतं. हे लोक सुधारणार नाहीत, सबब गोळ्या घाला, असा तो प्रस्ताव. स्टॅलिनने आणि पॉलिटब्युरोच्या सदस्यांनी त्यावर सह्या केल्या. खटला नाही, आरोपपत्र नाही.

एप्रिल-मे १९४० मध्ये काम उरकलं गेलं. कोझेल्स्कच्या कैद्यांना स्मोलेन्स्कजवळच्या कातीनच्या जंगलात नेऊन मारलं, स्तारोबेल्स्कच्या कैद्यांना खारकीव्हला, ओस्ताश्कोव्हच्या कैद्यांना कालिनिनला. तुरुंगांतले आणखी ७ हजारांवर लोक वेगळे. सोव्हिएत गुप्त पोलिसांच्याच १९५९ सालच्या हिशेबात एकूण आकडा आहे २१,८५७.

आणि बायका-मुलांचं काय? गोळ्या घालायच्या आधीच छावण्यांमध्ये कैद्यांच्या घरच्यांच्या पत्त्यांच्या याद्या तयार करून घेतल्या गेल्या होत्या. १३ एप्रिल १९४० च्या रात्री त्या पत्त्यांवर शिपाई पोहोचले. आवरायला थोडा वेळ दिला आणि बायका, मुलं, म्हातारे यांना मालगाडीच्या डब्यात घालून कझाकस्तानला पाठवलं. सुमारे ६० हजार लोक. तिकडे जंगलात नवरे मारले जात होते, तेव्हा इकडे त्यांचीच कुटुंबं गाड्यांत कोंबली जात होती. दोन्हींची एकमेकांना खबर नव्हती. वळिवड्याला पोहोचलेल्या काही कुटुंबांची गोष्ट सुरू होते ती या रात्रीपासून.

लंडनमध्ये बसलेल्या सिकोर्स्कींना यातलं काहीच माहीत नव्हतं. फक्त पत्रं बंद झाली आहेत, एवढंच कळत होतं.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि पट बदलला. कालचा शत्रू स्टॅलिन आज इंग्लंडचा मित्र झाला. चर्चिलचा आग्रह होता की पोलंडनेही त्याच्याशी हातमिळवणी करावी. ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांनी करारावर सह्या केल्या. पोलंडची पूर्व सीमा जुनी की नवी, यावर करारात स्पष्ट हमी नव्हती. त्यावरून सिकोर्स्कींच्या मंत्रिमंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले. घरच्याच लोकांनी त्यांना स्टॅलिनपुढे वाकलेला म्हटलं.

पण या करारात एक गोष्ट होती, जिच्यासाठी सिकोर्स्कींनी बाकीचं गिळलं. रशियात अडकलेल्या पोलिश लोकांची सुटका. लाखो माणसं. हा करार झाला नसता तर बालाचडी आणि वळिवड्याची छावणी झालीच नसती. सिकोर्स्कींचे टीकाकार हा हिशेब सहसा मांडत नाहीत.

मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून जनरल अँडर्स बाहेर आले आणि रशियातच पोलिश फौज उभी करायला लागले. कुठून कुठून, फाटक्या कपड्यांत, पायाला चिंध्या गुंडाळून माणसं येऊन दाखल होऊ लागली. शिपाई आले. अधिकारी मात्र येईनात. त्या तीन छावण्यांतल्या जवळपास १५ हजारांपैकी ४०० च्या आसपासच सापडले. ते आधीच दुसरीकडे हलवले गेले होते म्हणून वाचले. त्यांच्यातलाच एक, युझेफ चाप्स्की नावाचा चित्रकार-अधिकारी, आपल्या सोबत्यांचा माग काढत रशियाभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. कुणीच काही सांगेना.

३ डिसेंबर १९४१. जर्मन फौजा मॉस्कोच्या तोंडाशी होत्या. क्रेमलिनमध्ये सिकोर्स्की आणि अँडर्स स्टॅलिनसमोर बसले होते. सिकोर्स्कींनी बेपत्ता अधिकाऱ्यांची यादीच पुढे ठेवली, साडेतीन हजारांहून जास्त नावांची. ही माणसं कुठे आहेत? स्टॅलिन म्हणाला, सगळ्यांना सोडलंय, पळून गेली असतील. कुठे? तर मांचुरियात. हजारो किलोमीटर सैबेरिया ओलांडून हजारो अधिकारी एकाच वेळी मांचुरियात पळाले आणि कुणाच्या दृष्टीसही पडले नाहीत, यावर विश्वास ठेवायचा होता. समोरच्या माणसाने त्या सगळ्यांच्या मरणाच्या कागदावर जवळपास एकवीस महिन्यांपूर्वी सही केली होती.

१९४२ मध्ये अँडर्सची फौज कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला आली. सिकोर्स्कींना खरं तर फौजेचा काही भाग रशियात राहायला हवा होता, म्हणजे पोलंड मुक्त होताना तिकडून आत शिरता आलं असतं. अँडर्सना आपली उपाशी माणसं शक्य तितक्या लवकर तिथून बाहेर काढायची होती. शेवटी अँडर्सचं झालं. सुमारे १ लाख १५ हजार लोक बाहेर पडले, त्यात ३७ हजारांच्या आसपास सामान्य नागरिक होते. बायका, अनाथ मुलं, टायफसने खंगलेली माणसं. इराणच्या किनाऱ्यावर उतरल्यावरही शेकडो जण मेले.

या लोकांना ठेवायचं कुठे? काही पूर्व आफ्रिकेत गेले, काही मेक्सिकोला, काही न्यूझीलंडला. भारतात नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला मुलांची छावणी उभी करून दिली, ती गोष्ट आता बऱ्यापैकी माहीत झाली आहे. मोठी छावणी मात्र कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत वळिवड्याला झाली. खर्चाचा भार लंडनच्या पोलिश सरकारने उचलायचा होता. मुंबईचे पोलिश कॉन्सल जनरल बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी धावपळ केली. पाचगणीला अशक्त आणि आजारी मुलांसाठी आरोग्यधाम काढलं गेलं. म्हणजे वळिवड्याची बराक असो की पाचगणीतली खाट, हा संसार चालत होता तो लंडनमधल्या सिकोर्स्की सरकारच्या नावावर. ते सरकार टिकणं ही या बायका-मुलांसाठी राजकारणाची नाही, भाकरीची गोष्ट होती.

आणि नेमकी ही तयारी चालू असताना बर्लिन रेडिओवरून ती बातमी आली.

तारीख १३ एप्रिल १९४३. अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घरातून उचललं त्याला बरोबर तीन वर्षं झाली होती. जर्मनांनी जाहीर केलं की स्मोलेन्स्कजवळ कातीनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडली आहेत. हात बांधलेले, डोक्याच्या मागच्या बाजूने गोळी. मारेकरी रशियन.

बातमी गोबेल्सची होती. खोटं बोलण्यासाठीच ज्याची ख्याती, तो माणूस यावेळी खरं सांगत होता. अर्थात माणुसकीपोटी नाही. स्टॅलिनग्राडला नुकताच मार खाल्ला होता, त्यामुळे मित्रराष्ट्रांत फूट पाडायला त्याला हत्यार हवं होतं. दोन दिवसांनी मॉस्कोचं उत्तर आलं की हे कैदी स्मोलेन्स्ककडे बांधकामावर होते, १९४१ मध्ये जर्मनांच्या हाती पडले आणि जर्मनांनीच त्यांना मारलं. मांचुरियाचा उल्लेखही आता नव्हता. सोळा महिने सिकोर्स्की विचारत होते तेव्हा हे बांधकाम कुणालाच आठवलं नव्हतं.

पुरावा काय सांगत होता? प्रेतांच्या खिशांत सापडलेली पत्रं, डायऱ्या, वर्तमानपत्रं १९४० च्या वसंतापाशी थांबत होती. थडग्यांवर लावलेली झाडं तीनेक वर्षांची होती. मेलेल्यांच्या अंगात थंडीचे ओव्हरकोट होते, जे ऑगस्ट-सप्टेंबर १९४१ च्या सोव्हिएत कहाणीत बसत नव्हते. एक गोष्ट मात्र जर्मनांना अडचणीची होती. गोळ्या जर्मन बनावटीच्या होत्या. तशा गोळ्या युद्धाआधी रशियाला विकल्या गेल्या होत्या, पण रशियाने हा मुद्दा पुढे कित्येक वर्षं वाजवला.

सिकोर्स्की आता अशा कोंडीत सापडले, जिच्यातून बाहेर पडायची एकही वाट धड नव्हती. गप्प बसावं, तर मध्यपूर्वेत असलेली अँडर्सची फौज खवळणार. त्या फौजेतल्या कुणाचा भाऊ, कुणाचा बाप त्या जंगलात होता. बोलावं, तर स्टॅलिन दुखावणार आणि जर्मनीविरुद्ध सगळ्यात जास्त रक्त सांडत होता तो स्टॅलिनच. शिवाय गोबेल्सच्या सुरात सूर मिसळल्यासारखं दिसणार. हेही विसरू नका की याच एप्रिलमध्ये, १९ तारखेला, वॉर्साच्या वस्तीतले ज्यू नाझींविरुद्ध उठले होते आणि जर्मन ती वस्ती जाळत होते. पोलंडला कातीन दाखवून अश्रू ढाळणारा जर्मनी हा असा होता.

१५ एप्रिलला सिकोर्स्की चर्चिलना भेटले. चर्चिलनी रशियनांनी हे केलं असेल ही शक्यता नाकारली नाही. पण मेलेली माणसं परत येणार नाहीत, तेव्हा हा विषय वाढवू नका, असाच त्यांचा सूर होता.

सिकोर्स्कींनी विषय सोडला नाही, पण टोकालाही नेला नाही. १७ एप्रिलला त्यांच्या सरकारने जाहीर केलं की जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने जागेवर जाऊन तपास करावा. त्याच निवेदनात जर्मनांना बजावलं होतं की स्वतःचे हात रक्ताने माखलेले असताना या गुन्ह्याचं भांडवल करायचा तुम्हाला हक्क नाही. रशियावर थेट आरोप कुठेच नव्हता. मागणी फक्त तपासाची.

पण इथं एक घात झाला. जर्मनीनेही त्याच सुमारास रेडक्रॉसला तपासाचं आमंत्रण दिलं. पोलिश सरकार आणि हिटलर यांनी मिळून हे केलंय, असं चित्र उभं करायला मॉस्कोला आयतं कारण सापडलं. या वेळच्या घाईबद्दल सिकोर्स्कींवर टीका होऊ शकते आणि होतेही. मित्रदेशांना विश्वासात न घेता ही मागणी जाहीर करणं मुत्सद्देगिरीत कच्चं ठरलं. पण थांबले असते तर काय झालं असतं? पुढचा इतिहास पाहिला तर स्टॅलिन निमित्ताची वाटच पाहत होता, असंच दिसतं. त्याला पोलंडची पूर्व सीमा हवी होती आणि वॉर्सामध्ये आपल्या ऐकण्यातलं सरकार हवं होतं. लंडनचं सरकार त्या वाटेतला धोंडा होतं.

मॉस्कोच्या प्रावदाने पोलिश सरकारला हिटलरचे साथीदार ठरवलं. चर्चिलनी स्टॅलिनला कळवलं की जर्मनांच्या ताब्यातल्या प्रदेशात रेडक्रॉसच्या तपासाला आमचा विरोधच राहील, फक्त संबंध तोडू नका. रेडक्रॉसने सांगितलं की सर्व पक्षांची संमती असेल तरच येऊ. रशियाने संमती दिली नाही, त्यामुळे तपास झालाच नाही. २५ एप्रिलच्या रात्री मोलोटोव्हने पोलिश राजदूत रोमर यांना बोलावून संबंध तोडल्याचं पत्र पुढे केलं. रोमर यांनी ते घ्यायलाच नकार दिला. त्याने काही फरक पडला नाही.

ज्याच्या लोकांचे खून झाले त्याने तपास मागितला, म्हणून खुन्यानेच त्याच्याशी संबंध तोडले. आणि मधल्या दोन बड्या देशांनी समजूत घातली ती मागणाऱ्याची. चर्चिल आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री ईडन यांच्या दबावाखाली एप्रिल संपायच्या आत सिकोर्स्कींना रेडक्रॉसचा आग्रह सोडून द्यावा लागला.

इंग्रजांना खरं माहीत नव्हतं असं मात्र नाही. पोलिश सरकारकडे नेमलेले ब्रिटिश राजदूत ओवेन ओमॅली यांनी २४ मे १९४३ ला एक गुप्त अहवाल लिहिला. पुरावे तपासून त्यांनी निष्कर्ष काढला की हे काम रशियनांचंच असणार. खून झाकायला इंग्लंडचं चांगलं नाव वापरावं लागतंय, ही बोचही त्यांनी लपवली नाही. अहवाल राजा आणि युद्ध मंत्रिमंडळापर्यंत गेला, पुढे चर्चिलनी रूझवेल्टनाही पाठवला. आणि कपाटात गेला. अमेरिकेत जॉर्ज अर्ल नावाच्या अधिकाऱ्याने १९४४ मध्ये असंच काही रूझवेल्टना सांगायचा प्रयत्न केला. त्याची बदली पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटावर झाली.

मे १९४३ च्या अखेरीस सिकोर्स्की मध्यपूर्वेत आपल्या फौजेला भेटायला निघाले. तिथं नाराजी धुमसत होती. रशियाशी करार करणारा म्हणून त्यांच्यावर राग होता, कातीनने तो वाढवला होता. महिनाभर ते छावण्या फिरले, अधिकाऱ्यांशी बोलले, अँडर्सशी असलेले मतभेद निवळले. सोबत मुलगी झोफिया होती, त्यांची सहायक म्हणून.

परतताना कैरोहून ते जिब्राल्टरला थांबले. ४ जुलै १९४३ च्या रात्री अकरानंतर त्यांचं लिबरेटर विमान उडालं आणि काही सेकंदांत समुद्रात कोसळलं. चेक वैमानिक एडुआर्ड प्रखाल तेवढा वाचला. सिकोर्स्की ६२ वर्षांचे होते. झोफियाचा मृतदेह कधीच सापडला नाही.

ब्रिटिश चौकशीने विमानाचं नियंत्रण अडकल्याचं सांगितलं, घातपात नाही म्हणून निर्वाळा दिला, पण ते का अडकलं हे सांगता आलं नाही. संशयाला खतपाणी घालणाऱ्या गोष्टीही होत्या. राजदूत मायस्की यांचं विमान त्याच दिवशी जिब्राल्टरला थांबून गेलं होतं. स्पेन आणि जिब्राल्टरकडचं ब्रिटिश हेरखात्याचं काम तेव्हा किम फिल्बीकडे होतं, जो पुढे सोव्हिएत हेर निघाला. रशियाने मारलं, इंग्रजांनी मारलं, पोलिश विरोधकांनीच मारलं, असे सगळे सिद्धांत आजवर मांडून झालेत. सिद्ध एकही झालेला नाही.

त्याच पावसाळ्यात वळिवड्याच्या बराकी भरत होत्या. आपल्या पंतप्रधानांच्या मरणाची बातमी या लोकांना नव्या मुलखात, मराठी बाजारहाट शिकता शिकता पचवावी लागली.

पुढचं सगळं सिकोर्स्कींच्या माघारी घडलं. वर्षअखेरीस तेहरानला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टॅलिन भेटले आणि पोलंडचा पूर्व भाग रशियाला जाणार हे पोलंडला न विचारता जवळपास ठरलं. वळिवड्याच्या बहुतेक लोकांची घरं नेमकी त्याच भागात होती. १९४४ मध्ये अँडर्सच्या फौजेने इटलीत माँटे कॅसिनो जिंकलं. त्याच इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीही लढत होती, जुलै १९४४ मध्ये रायगडच्या यशवंत घाडगेंना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच. माँटे कॅसिनो जिंकणाऱ्या पोलिश सैनिकांना युद्ध संपल्यावर परत जायला गाव उरलं नाही. जुलै १९४५ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. वळिवड्याची छावणी १९४८ पर्यंत मिटली. लोक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे जिथं जागा मिळेल तिथं गेले, थोडे पोलंडला. काही जण कोल्हापूरच्या दफनभूमीत कायमचे राहिले.

कातीनबद्दल जानेवारी १९४४ मध्ये सोव्हिएत आयोगाने जर्मनांना दोषी ठरवून टाकलं. न्यूरेंबर्गच्या खटल्यातही रशियाने हा गुन्हा नाझींच्या आरोपपत्रात घुसवला. साक्षी झाल्या, पुरावा टिकेना, मग निकालपत्रात त्याचा उल्लेखच आला नाही. अमेरिकी संसदेच्या समितीने १९५२ मध्ये रशियाला जबाबदार धरलं, पण मॉस्को आपलं म्हणणं सोडायला तयार नव्हतं. कम्युनिस्ट पोलंडमध्ये तर खरी तारीख उच्चारणंही धोक्याचं होतं. दगडावर १९४० कोरलं की पोलीस यायचे, १९४१ चालायचं.

१३ एप्रिल १९९० ला गोर्बाचेव्हच्या सोव्हिएत सरकारने गुन्हा कबूल केला. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये ५ मार्च १९४० चा तो कागद, स्टॅलिनच्या सहीसकट, रशियाने पोलंडच्या हवाली केला. सिकोर्स्कींनी तपास मागितला त्याला ४९ वर्षं झाली होती.

सिकोर्स्की स्वतः इतकी वर्षं इंग्लंडमधल्या न्यूआर्क गावात, पोलिश वैमानिकांच्या थडग्यांशेजारी पुरलेले होते. १७ सप्टेंबर १९९३ ला, म्हणजे लाल सेना पोलंडमध्ये घुसली त्या तारखेला, त्यांना क्राकोव्हच्या वावेल किल्ल्यातल्या कॅथेड्रलमध्ये, पोलंडच्या राजांच्या शेजारी जागा मिळाली. २००८ मध्ये शवपेटी पुन्हा उघडून तपासणी झाली. गोळी, विष, गळा दाबणं यातल्या कशाचीच खूण सापडली नाही, जखमा विमान अपघातात होतात तशाच होत्या. पण विमान का पडलं याचं उत्तर हाडांत नव्हतं. २०१३ मध्ये पोलंडने तपास बंद केला. घातपाताचा पुरावा नाही आणि तो झालाच नाही असंही म्हणता येत नाही, अशी त्याची शेवटची नोंद आहे.